लॉर्नाचं ‘बरोबर’

दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या बंदुकीत घालायचं नाही, हा त्या भागातला पहिला नियम. पोरांना सायकल शिकवायच्या आधी हा नियम शिकवतात. सख्ख्या भावाने भरलेलं असलं तरी नाही, आणि पाद्र्याने भरलेलं असलं तर मुळीच नाही, असं म्हातारा ट्रकवाला ड्वेन म्हणायचा, कारण पाद्री सगळं देवावर सोडतो. कुणी कुठल्या डब्यातली बारूद घेतली, किती ओतली, ओतताना बायकोशी भांडत होता की काय, हे आपल्याला कुठून कळणार? आणि बारूद चुकली तर बंदूक पुढच्या हरणाला सोडून मागच्या माणसाला धरते.

या नियमाला गावात एकच अपवाद होता, आर्विड स्टेनरुडच्या तळघरातली काडतुसं. शिकारीचा मोसम जवळ आला की लोक आपापल्या रिकाम्या पितळी पुंगळ्या, शिशाच्या गोळ्या आणि बारूद घेऊन त्याच्याकडे येत. तो पैसे घेत नसे. मोसमानंतर कुणी एल्क हरणाची मांडी आणून देई, कुणी सॉसेजची माळ, आणि ज्याला काहीच मिळालं नाही तो लाजत लाजत बटाट्याचं पोतं ठेवून जाई.

पण लोकांचा विश्वास आर्विडवर होता असं समजायचं कारण नाही. आर्विड हाताचा चांगला, तरी स्वभावाने धांदरट. गावभर त्याची ख्याती अशी की हा माणूस डोळ्यांवर चष्मा असताना चष्मा शोधतो. लोकांचा विश्वास होता खोक्यावरच्या चिठ्ठीवर. कुणाची रायफल, कुठली बारूद, किती ग्रेन वजनाची, कुठली गोळी, पुंगळी कितव्यांदा वापरली, तारीख. सगळं निळ्या शाईत, ताठ आणि सुटं सुटं. ते अक्षर आर्विडच्या बायकोचं, लॉर्नाचं.

लॉर्नाने उभं आयुष्य धान्याच्या कोठारावर वजनकाट्यापाशी काढलं होतं. गव्हाचा ट्रक काट्यावर चढायचा, ड्रायव्हर खिडकीतून आकडा ओरडायचा, लॉर्ना आतून स्वतः काटा बघायची आणि मगच ‘बरोबर’ म्हणायची. तिचं ‘बरोबर’ पडलं की शेतकरी आणि कोठारवाला दोघंही गप्प. त्या काट्यावर तिने एकदा एका नव्या कारकुनाला पार रडवलं होतं. बिचाऱ्याने वहीत वरच्या ओळीखाली ‘तेच’ अशा अर्थाच्या दोन टिंबटिंब खुणा केल्या होत्या. ‘पुन्हा लिहायचा कंटाळा आला म्हणजे पुन्हा बघितलंही नाहीस,’ असं ती त्याला म्हणाली होती, आणि सबंध पान नव्याने लिहून घेतलं होतं.

आर्विडच्या तळघरात ती उतरली तीही अशीच, त्याचा कान धरायला. लग्नाला फार वर्षं झाली नव्हती. तो काडतुसं भरायच्या प्रेसपाशी उभा राहून मनाशी आकडे पुटपुटत भरत होता.

‘कुठली बारूद आहे ही?’ तिने विचारलं.

त्याने मान वर न करता नाव सांगितलं.

‘डब्यावर बघितलंस?’

‘अगं, मला पाठ आहे.’

‘पाठ आहे ते मला नको. बघून वाच.’

त्याने चडफडत डबा फिरवून बघितला, आणि नाव अर्थातच बरोबर निघालं. तो विजयी मुद्रेने हसला, पण लॉर्ना वरून स्वयंपाकघरातली खुर्ची आणि एक जाड वही घेऊन पुन्हा खाली आली होती. ती खुर्ची त्यानंतर कधी वर गेली नाही.

तिने पद्धत घालून दिली. वही तिच्याकडे, डबा त्याच्याकडे. त्याने वहीत डोकवायचं नाही, तिने डब्याकडे बघायचं नाही. तो डब्यावरचं नाव मोठ्याने वाचणार, तराजूवरचा आकडा वाचणार, ती वहीत बोट ठेवून दोन्ही पडताळणार आणि ‘बरोबर’ म्हणणार. ते ऐकल्याशिवाय बारूद नरसाळ्यातून पुंगळीत जायची नाही. बाकावर एका वेळी एकच डबा. बिनचिठ्ठीची बारूद कितीही महागाची असो, ती खत म्हणून अंगणातल्या ऱ्हुबार्बच्या वाफ्यात, त्या आंबट देठांच्या भाजीला. त्यामुळे त्यांच्या ऱ्हुबार्बची पानं छत्रीएवढी व्हायची आणि ड्वेन म्हणायचा, त्या देठांचा भाजलेला गोड ‘पाय’ खायला बसलो की मी काडी ओढत नाही.

त्यांना मूलबाळ झालं नाही. त्याचं दुःख दोघांनी आपापल्या परीने केलं आणि मग त्याबद्दल बोलणं सोडून दिलं. हिवाळ्याच्या लांब दुपारी तळघरात तो वाचायचा, ती ‘बरोबर’ म्हणायची. कुणी म्हणेल, हा काय संसार झाला? पण आर्विडला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं की आपल्या बोलण्याकडे एवढं लक्ष देणारं माणूस मिळायला नशीब लागतं.

ऑक्टोबरच्या मध्यावर, एल्कचा मोसम उघडायच्या थोडं आधी, मारिट आली. मारिट ही आर्विडच्या वारलेल्या भावाची मुलगी, शाळेची बस चालवायची, आणि घरी यायची तेव्हा दार न ठोठावता यायची. त्या दिवशी तिने दार ठोठावलं. तिच्या उजव्या डोळ्याखाली गालावर लालबुंद डाग होता.

‘काका, जरा बाहेर येतोस?’

लॉर्ना खिडकीपाशी बटाटे सोलत होती. तिने हात हलवला, मारिटनेही हलवला. बाहेर गाडीच्या टपावर मारिटने रायफल ठेवली आणि खिशातून एक पुंगळी काढून त्याच्या तळहातावर दिली.

‘निशाणा बसवायला मैदानावर गेले होते. पहिल्याच गोळीला असला दणका बसला, आणि मागून गरम वाफ आली तोंडावर. रायफलीचा मागचा बोल्ट उघडेचना. लाकडाच्या ठोकळ्याने ठोकून काढला.’

आर्विडने पुंगळी फिरवली. बुडाला जी टिकली असते, जिच्यावर घोड्याचा घाव बसून ठिणगी पडते, ती गोलसर राहिली नव्हती. इस्त्री फिरवल्यासारखी सपाट होऊन कडेपर्यंत पसरली होती. हे काय असतं ते त्याला कुणी सांगायला नको होतं. आत जेवढा दाब असायला हवा त्याच्या कितीतरी वर गेला होता. मारिटचा डोळा वाचला होता तो केवळ चांगल्या पोलादामुळे.

‘बाकीची?’

‘एकही मारली नाही. ही बघ.’ तिने खोकं दिलं. वर लॉर्नाची चिठ्ठी होती, ताठ निळ्या अक्षरात.

‘डॉक्टरला दाखवलंस?’

‘नर्सने मलम लावलं. काका, माझं सोड. तू पांढरा पडलायस.’

‘कुणाला बोलू नकोस अजून,’ तो म्हणाला. ‘काकूला तर नाहीच.’

तो खोकं घेऊन तळघरात गेला. एक काडतूस उघडून त्यातली बारूद त्याने पांढऱ्या बशीत ओतली. मारिटच्या रायफलला लागते ती बारूद मंद जळणारी, तिचे कण लांबट, शेवयांच्या तुकड्यांसारखे. बशीत पडले ते आखूड, बुटके. ही दुसरी बारूद होती, चपळ, ड्वेनच्या छोट्या रायफलीची. दोन्हीचे डबे एकाच कंपनीचे, एकाच काळ्या रंगाचे, नावात एका आकड्याचा फरक. त्याने चुकीचा डबा उचलला होता. धांदरटपणा, दुसरं काय.

त्याला शरम वाटली, आणि त्यातच एक प्रश्न हळूच वर आला. डबा मी चुकीचा उचलला असेल. पण त्यावरचं नाव तर मी वाचलं होतं. मोठ्याने, बघून वाचलं होतं, वाचल्याशिवाय ओततच नाही. मग ती ‘बरोबर’ कशी म्हणाली?

इतक्या वर्षांत त्याने त्या वहीत कधी डोकावलं नव्हतं. त्या दिवशी त्याने ती उघडली. मारिटच्या रायफलीच्या पानावर वरच्या ओळी नेहमीसारख्या होत्या. मग वसंताच्या सुमारास बारुदीच्या रकान्यात दोन टिंबं आली. त्याखालीही टिंबं, आणि पान संपेपर्यंत टिंबंच. त्याने ड्वेनचं पान काढलं, त्यावरही वसंतापासून टिंबं. मग त्याने आणखी पानं उलटली नाहीत.

तसं त्याला काहीच ठाऊक नव्हतं असं नाही. फडताळात मोहरीच्या चटणीच्या सहा बाटल्या झाल्या होत्या. ऱ्हुबार्बच्या ‘पाय’मध्ये साखरेच्या जागी मीठ पडलं होतं, तेव्हा दोघं हसून हसून बेजार झाली होती आणि तो सगळा कोंबड्यांना घातला होता. मारिटला ती दोनदा तिच्या मेलेल्या आत्याच्या नावाने हाक मारून बसली होती. वय झालं, आर्विड म्हणाला होता. मी चष्मा शोधतो तशी ती नावं शोधते. माणसाला जे बघायचं नसतं त्याच्यासाठी त्याच्याजवळ कारणांची कधी टंचाई नसते.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. चर्चहून आल्यावर जेवण झालं, आणि तो म्हणाला, ‘चल, थोडी भरू या का?’

लॉर्ना आनंदाने उठली. तळघरात तिने खुर्ची ओढली, वही मांडीवर घेतली, पेनाचं टोपण काढून मागे लावलं. आर्विडने बाकावर रिकाम्या पुंगळ्या मांडल्या. बारुदीच्या डब्याचं झाकण मात्र त्याने उघडलंच नाही. तिला वही उघडी धरलेली बघून त्याला वाटलं, आपण नीच आहोत. बायकोची परीक्षा घेतोय आपण, चोरासारखी.

‘माझी रायफल,’ तो म्हणाला.

तिने पानं चाळली. बराच वेळ चाळली. मग एका पानावर बोट ठेवलं.

त्याने डबा हातात घेतला आणि नाव वाचलं. चुकीचं वाचलं, मुद्दाम, ड्वेनच्या बारुदीचं.

‘बरोबर,’ लॉर्ना म्हणाली.

तराजू रिकामा होता. त्याने खरा आकडा उलटा करून सांगितला. तेवढी बारूद त्या पुंगळीत मावलीही नसती.

‘बरोबर.’

ती त्याच्याकडे बघत होती, वहीकडे नाही. त्याच्या ओठांकडे बघत होती. तो थांबला की तिच्या चेहऱ्यावर जराशी भीती यायची आणि ‘बरोबर’ म्हणून झालं की ती जायची. तिचं बोट ज्या पानावर होतं ते पान कोरं होतं.

तो मनात म्हणाला, लॉर्ना, मला ओरड. म्हण, आर्विड, गाढवा, डोळे आहेत का भोकं. एकदा म्हण. आणि काय सुचलं कुणास ठाऊक, त्याने रिकाम्या तराजूकडे बघत म्हटलं, ‘बावीस हजार चारशे पौंड.’

लॉर्ना ताठ बसली. चेहरा एकदम उजळला.

‘कुणाची गाडी?’ तिने विचारलं.

आर्विडने बाकाच्या कडेला धरलं. ती वाट बघत राहिली, पेन वहीवर टेकवून, अगदी जुन्या तयारीने. शेवटी त्याने सांगितलं, ‘ड्वेनची,’ आणि तिने ते लिहून घेतलं.

सोमवारी सकाळी ती अंघोळीला गेलेली असताना त्याने फोन फिरवले. ज्यांनी ज्यांनी त्याच्याकडून काडतुसं नेली होती त्या प्रत्येकाला सांगितलं. वसंतापासूनची सगळी परत आणा, एकही मारू नका. कारण? माझे डोळे गेले. मोतीबिंदू. डबे ओळखू येत नाहीत.

हे त्याने आधीच ठरवलं होतं, आणि ठरवायला वेळही लागला नव्हता. डबा त्यानेच उचलला होता ना? मग चूक त्याचीच. त्यात खोटं किती आणि खरं किती हे मोजत बसायची गरज नव्हती. आपलं नाव गेलं तर गेलं, ते तसंही अर्धं गेलेलंच होतं. पण लॉर्नाचं ‘बरोबर’ जाऊ द्यायचं नव्हतं. गावात तिच्याजवळ दुसरं काय होतं? आणि खरं सांगायचं तर, ते गेलं की त्याच्याजवळ तरी काय उरणार होतं?

आठवडाभर लोक खोकी आणून देत राहिले. कुणी वाद घातला नाही. आर्विड दारातच खोकं घ्यायचा, तळघरात न्यायचा, आणि एकेक काडतूस उघडून गोळी एकीकडे, बारूद एकीकडे करायचा. लॉर्ना वरून विचारायची, ‘खाली येऊ का?’ आणि तो म्हणायचा, ‘नको, नुसता केर काढतोय.’ बारूद त्याने ऱ्हुबार्बच्या वाफ्यात टाकली. वाफ्यावर तेव्हा हिमाचा पातळ थर होता, त्यावर ती काळी दिसायची.

शनिवारी ड्वेन आला. कोठारावर गव्हाचे ट्रक चालवून म्हातारा झालेला माणूस, आवाज अजून ट्रकच्या इंजिनावर मात करण्याइतका. त्याच्या मागोमाग मारिटही आली होती. गालावरचा डाग तपकिरी झाला होता, आणि ती आर्विडकडे अशी बघत होती की त्याने नजर दुसरीकडे वळवली.

‘मोतीबिंदू म्हणे,’ ड्वेन खुर्चीत बसत म्हणाला. ‘परवा चर्चच्या आवारातनं रस्त्यापलीकडच्या पाटीवरचा डिझेलचा भाव वाचून मला शिव्या घालत होतास. तो काय वासाने वाचलास?’

‘लांबचं दिसतं. जवळचं नाही.’

‘हां. आमच्या बायकोचं पण तसंच होतं, शेजाऱ्याचे दोष दिसायचे.’

लॉर्नाने कॉफी ओतली. ड्वेनला, मारिटला, आर्विडला. मग पुन्हा ड्वेनच्या भरलेल्या कपाकडे तिची किटली वळली, तेव्हा मारिटने हलकेच तिच्या हातातून ती काढून घेतली. टेबलावर ड्वेनची खोकी एकावर एक होती. लॉर्ना त्यांच्याकडे बघत होती. वरच्या खोक्यावरची चिठ्ठी तिने अंगठ्याने सारखी केली.

‘हे माझं अक्षर आहे,’ ती म्हणाली. ‘परत का आलं?’

‘माझ्या डोळ्यांमुळे,’ आर्विड म्हणाला. ‘सांगितलं ना तुला.’

‘बरं, ते जाऊ दे,’ ड्वेन म्हणाला. ‘तुझे डोळे गेले, तर तू आता बस गप. यंदा मी स्वतःची स्वतः भरतो. प्रेस आहे माझ्याकडे, गंज काढला की झालं. फक्त लॉर्नाची वही दे मला. माझं पान बघून भरीन. आणि बाकीच्यांनाही तेच सांगितलंय मी, सगळे येतील नकलायला. म्हातारा आंधळा झाला तरी वही तर आहे.’

आर्विडचा हात कपापाशी थांबला.

याचा विचार त्याने केलाच नव्हता. डोळे गेले म्हटलं की वही शाबूत राहते. तीच तर त्याला शाबूत ठेवायची होती. आणि त्या वहीत वसंतापासून काय काय लिहिलं होतं ते आता त्यालाही ठाऊक नव्हतं. कुठल्या ओळीतला आकडा वहीतला, कुठला नुसता त्याच्या तोंडचा, कुठल्या टिंबांच्या वर कुठलं नाव, हे देव जाणे. ती वही ड्वेनच्या हातात देणं म्हणजे गावातल्या दहा-बारा घरांत मारिटचा गाल वाटणं.

‘ती वही, म्हणजे...’ तो म्हणाला. ‘अरे, ती जुनी झालीय. छापील पुस्तकं मिळतात ना हल्ली.’

‘पुस्तकाला माझी रायफल माहीत आहे का? लॉर्नाला माहीत आहे.’

‘पानं सुटलीत तिची.’

‘डिंक लावीन.’

‘काका,’ मारिट हळूच म्हणाली. ‘सांगून टाक.’

‘काय सांगून टाक?’ ड्वेनने एकाकडून दुसऱ्याकडे बघितलं. त्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता.

आर्विडला त्या क्षणी ड्वेनचा राग आला, मारिटचा आला, त्या काळ्या डब्यांचा आला. एवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. लॉर्ना उठून तळघराच्या जिन्याने खाली जात होती. मारिट मागे जायला निघाली, पण आर्विडने मानेनेच नको म्हटलं. त्यांना तिची पावलं ऐकू येत होती, मग काही वेळ काहीच नाही, मग पुन्हा पावलं.

ती वही छातीशी धरून वर आली आणि टेबलाशी बसली. पानं उलटू लागली. बाहेर वारा सुटला होता, अंगणातल्या तारेवर कपडे फडफडत होते.

‘इथून,’ ती म्हणाली. तिचं बोट पहिल्या टिंबांवर होतं. ‘आर्विड, तू नाव सांगायचास. मी ऐकायचे. पण कागदापर्यंत येईतो ते निसटायचं. म्हणून या खुणा केल्या. मला वाटलं, संध्याकाळी डब्यावर बघून भरून टाकीन. मग ते करायचंय हेच विसरायचे.’

‘लॉर्ना, असू दे.’

‘तुला ठाऊक होतं?’

‘आत्ता कळलं. या आठवड्यात.’

‘मला वसंतापासून ठाऊक आहे,’ ती म्हणाली. ‘रोज नाही. पण एखाद्या सकाळी उठलं की सगळं लख्ख असतं, आणि मग ते ठाऊक असतं. आजची सकाळ तशी आहे.’ तिने मारिटच्या गालाकडे बघितलं, बराच वेळ. ‘ते आमच्यामुळे ना गं?’

मारिटने तिचा हात धरला. लॉर्नाने तो थोडा वेळ धरू दिला आणि मग सोडवून घेतला, कारण तिला पेन उघडायचं होतं. फूटपट्टी मागितली. ती कुणाला पटकन सापडेना, तेव्हा तिने खोक्यावरची चिठ्ठी काढून तिची कड धरली आणि टिंबांच्या वर आडवी रेघ मारली. प्रत्येक पानावर मारली. एखाद्या पानावर ती अडखळायची, डोळे बारीक करायची, मग टिंबं सापडायची. ड्वेनने डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती. लॉर्ना आपल्या हाताने आपलं अक्षर बाद करत होती आणि ते तिघं नुसते बघत बसले होते.

शेवटी ती पहिल्या पानावर आली, जिथे वर जागा होती. तिथे तिने सावकाश लिहिलं. एकेक शब्द लिहून थांबत होती, ओठ हलत होते. मग वही आर्विडपुढे फिरवली.

‘वाच.’

‘वाचलं मी, लॉर्ना. कळलं.’

‘मनात नको. बघून वाच, मोठ्याने.’

त्याने चष्मा पुसला. तरी अक्षरं पाण्यात पडल्यासारखी हलत होती. गावभर सांगितलेला मोतीबिंदू आता खरोखर डोळ्यांत उतरला होता. त्याने बाहीने डोळे पुसले आणि वाचायला सुरुवात केली.

‘या वहीत रेघेखाली जे आहे ते तपासलेलं नाही. ते भरू नये. रेघेवरचं बरोबर आहे. लॉर्ना स्टेनरुड.’

‘खाली?’

खाली तारीख होती. आर्विडने ती बघितली आणि तो थांबला. बाहेर वाफ्यावर हिम होतं, आठवड्याने एल्कचा मोसम उघडणार होता, आणि लॉर्नाने जून महिना लिहिला होता.

एवढं गिळून टाकणं काय अवघड होतं? ऑक्टोबर म्हणून वाचलं असतं तरी तिला कळलं नसतं. ड्वेनने काही म्हटलं नसतं, मारिटने नसतं. आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम तिने आत्ता कुणाच्या मदतीशिवाय पुरं केलं होतं आणि ती त्याच्या तोंडाकडे बघत होती, तशीच, जशी त्या रविवारी बघत होती. त्याला फक्त एक शब्द म्हणायचा होता. तिनेही उन्हाळाभर त्याला तोच एक शब्द दिला होता.

‘तारीख चुकली, लॉर्ना,’ तो म्हणाला.

तिच्या चेहऱ्यावर ती भीती येऊन गेली. मग खांदे जरा सैल झाले.

‘म्हणूनच तर वाचायला सांगितलं,’ ती म्हणाली. ‘काय आहे आज?’

त्याने सांगितली. सांगण्याआधी उठून भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेला आणि बघून सांगितली. तिने जून एका रेघेने खोडला, शेजारी ऑक्टोबर लिहिलं, आणि वही पुन्हा त्याच्याकडे फिरवली.

आर्विडने बोट ठेवून वाचलं.

‘बरोबर,’ तो म्हणाला.